चर्चची यादी, बोर्डाचं प्रमाणपत्र आणि सरकारचा हुकूम

सिनेमावरून वाद पेटला की चौकातल्या पानठेल्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "चर्चने बंदी आणली." भारतात काय किंवा अमेरिकेत काय, सिनेमा बंद पाडायचा कायदेशीर अधिकार कॅथलिक चर्चकडे कधीच नव्हता. चर्चच्या हातात होती एक यादी. पण त्या यादीने हॉलिवूडसारख्या बलाढ्य धंद्याला तीसेक वर्षं धाकात ठेवलं होतं. ती यादी कशी बनायची, तिचा धाक कुठून यायचा आणि २००६ साली आपल्या जिल्ह्याच्या अगदी सीमेवर काय घडलं, ते टप्प्याटप्प्याने पाहू. सिनेमाची किंवा कायद्याची आधीची माहिती नसली तरी चालेल.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटायचं कारण नाही. बल्लारपूरला सिरो-मलबार कॅथलिकांच्या चांदा धर्मप्रांताचं मुख्य ठिकाण आहे. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालचा मुलूख. १९६२ साली या भागाची स्वतंत्र व्यवस्था लागली आणि केरळच्या सीएमआय संघाच्या धर्मगुरूंवर ती सोपवली गेली. १९७७ मध्ये तिला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. तेव्हा राज्याच्या सीमेपलीकडचा आदिलाबाद जिल्हाही याच धर्मप्रांतात होता. १९९९ साली तो वेगळा झाला. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तिचा उपयोग होईल.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करून घेऊ, कारण सगळा घोळ इथेच होतो. पहिली, धर्मसंस्थेचा सल्ला: हा सिनेमा आमच्या माणसांनी पाहावा की नाही. दुसरी, सरकारी मंडळाचं प्रमाणपत्र: हा सिनेमा लोकांना दाखवता येईल का, आणि कोणत्या वयाच्या लोकांना. तिसरी, राज्य सरकारचा किंवा जिल्हा प्रशासनाचा हुकूम: प्रमाणपत्र असलं तरी इथे, आत्ता, खेळ लावू नका. पहिली गोष्ट फक्त श्रद्धावंतांना लागू, तीही त्यांनी मानली तर. उरलेल्या दोन सगळ्यांना लागू. पहिलीला दुसरीचं किंवा तिसरीचं बळ मिळालं की काय होतं, हाच या लेखाचा गाभा आहे.

सुरुवात नियमांपासून करू. १९३० साली अमेरिकेतल्या चित्रपट कंपन्यांच्या संघटनेने 'प्रॉडक्शन कोड' स्वीकारला, म्हणजे सिनेमा बनवताना काय दाखवायचं आणि काय नाही याची नियमावली. ती लिहिण्यात दोन कॅथलिक माणसांचा मोठा वाटा होता: चित्रपट व्यवसायाचं नियतकालिक चालवणारे मार्टिन क्विग्ली आणि जेझुइट धर्मगुरू डॅनियल लॉर्ड. गुन्हा करणाऱ्याबद्दल प्रेक्षकाला सहानुभूती वाटू नये, विवाहसंस्थेची चेष्टा होऊ नये, धर्मगुरू विनोदी किंवा खलपात्र म्हणून दाखवू नयेत, असा तिचा रोख होता.

नियम कागदावरच राहिले. मंदीच्या त्या काळात थिएटरं रिकामी पडत होती आणि तिकीट खपवायला निर्माते आणखी धीट होत गेले. ही नियमावली मोडली तर काय, याला कुणाकडेच उत्तर नव्हतं.

उत्तर शोधलं ते बिशपांनी. १९३३ च्या अखेरीस अमेरिकन बिशपांनी चित्रपटांसाठी समिती नेमली आणि १९३४ मध्ये 'लीजन ऑफ डीसेन्सी' सुरू केली. सभ्यतेसाठी उभारलेली फौज, असा त्या नावाचा भाव. या फौजेचं एकच हत्यार होतं, ते म्हणजे प्रतिज्ञा. मिस्सेच्या वेळी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, लोकांनी उभं राहायचं आणि अनैतिक सिनेमांपासून दूर राहण्याचा शब्द द्यायचा. असे सिनेमे सतत लावणाऱ्या थिएटरांची पायरीसुद्धा चढायची नाही, हेही त्यात आलं. दर वर्षी डिसेंबरमध्ये, मारियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या आसपासच्या रविवारी, ही प्रतिज्ञा नव्याने घेतली जाई. आईवडिलांशेजारी शाळकरी पोरंही ती म्हणत. लाखो लोकांनी ती घेतली.

तेव्हा अमेरिकेत कॅथलिक सुमारे दोन कोटी होते. देशाच्या लोकसंख्येत ते अल्पसंख्य, पण शिकागो, बॉस्टन, फिलाडेल्फिया अशा शहरांत त्यांची दाट वस्ती होती आणि सिनेमाचा गल्लाही याच शहरांतून यायचा. फिलाडेल्फियाचे कार्डिनल डोहर्टी यांनी तर १९३४ मध्ये आपल्या लोकांना सांगून टाकलं, कोणताच सिनेमा पाहू नका. चांगला नाही, वाईट नाही, कुठलाच नाही. थिएटरवाल्यांचे धाबे दणाणले.

आता यादी कशी बनायची ते पाहू. सुरुवातीला वेगवेगळ्या शहरांच्या वेगवेगळ्या याद्या निघाल्या, आणि पहिली चूक तिथेच झाली: शिकागोत वाईट ठरलेला सिनेमा दुसऱ्या शहरात चालण्यासारखा ठरू लागला. श्रद्धावंतांनी ऐकायचं कुणाचं? म्हणून १९३६ पासून न्यूयॉर्कची यादी सगळ्या देशाची यादी मानली जाऊ लागली.

न्यूयॉर्कमध्ये सिनेमे पाहण्याचं काम प्रामुख्याने बायका करत. कॅथलिक शाळा-कॉलेजांतून शिकून बाहेर पडलेल्या स्त्रियांची एक संघटना होती आणि तिच्या चित्रपट विभागाच्या प्रमुख होत्या मेरी लूरम. सिनेमा थिएटरात लागण्याआधी कंपनी त्यांच्यासाठी खेळ ठेवायची. प्रत्येक जण पाहून आपलं मत लिहून द्यायची. मतं जुळली तर वर्ग ठरला. जुळली नाहीत तर आणखी काही जणांना, त्यात धर्मगुरूही, सिनेमा दाखवला जाई आणि मग कार्यालय निर्णय घेई. तयार यादी कॅथलिक वर्तमानपत्रांत छापून येई आणि चर्चच्या दारातल्या फलकावर लागे. पैसे न घेता, वर्षानुवर्षं, शेकडो सिनेमे पाहून टिपणं लिहिणाऱ्या या बायकांची मेहनत मला मोठी वाटते. या इतिहासात कार्डिनलांची नावं ठळक येतात, त्यांची येत नाहीत.

वर्ग सुरुवातीला चार होते. 'ए-१' म्हणजे सगळ्यांनी पाहायला हरकत नाही. 'ए-२' म्हणजे मोठ्यांनी पाहायला हरकत नाही. 'बी' म्हणजे काही भाग सगळ्यांसाठीच आक्षेपार्ह. 'सी' म्हणजे निषिद्ध. पुढे 'ए'चे आणखी पोटवर्ग पडले, आणि त्याहून पुढे 'बी' आणि 'सी' एकत्र करून 'ओ' हा एकच आक्षेपार्ह वर्ग केला गेला.

इथे आपल्याकडचा वाचक हमखास फसतो. आपल्या सेन्सॉर बोर्डाचा 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी, थोडक्यात मुलांना घरी ठेवा. चर्चच्या यादीतला 'ए' म्हणजे नैतिकदृष्ट्या स्वच्छ. अक्षर एकच, अर्थ जवळपास उलटा. जुन्या कॅथलिक परीक्षणात एखाद्या सिनेमापुढे 'ए-१' दिसलं तर तो बेलाशक घरच्या सगळ्यांसाठी समजा.

यादी ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी स्टुडिओंच्या आत घडली. चर्चचा रेटा पाहून कंपन्यांनी १९३४ च्या जुलैपासून नियमावली सक्तीची केली आणि तिच्या अंमलबजावणीच्या कार्यालयावर जोसेफ ब्रीन यांना बसवलं. ब्रीन स्वतः कट्टर कॅथलिक. त्यांच्या कार्यालयाचा शिक्का नसलेला सिनेमा बाहेर काढणाऱ्या सदस्य कंपनीला २५,००० डॉलर दंड. शहरांतली मोठी थिएटरं तेव्हा या कंपन्यांच्याच मालकीची, त्यामुळे शिक्का नाही म्हणजे पडदाही नाही.

मग पटकथा आधी ब्रीन यांच्या टेबलावर जाऊ लागली. संवाद बदला, झगा लांब करा, शेवटी पाप्याला शिक्षा होऊ द्या. प्रेक्षकाला यातलं काहीच दिसत नसे. त्याला दिसे फक्त तयार सिनेमा. मला सगळ्यात जास्त खटकतो तो हा टप्पा. प्रतिज्ञा घेणारा माणूस स्वतःच्या मनाने ती घेत होता, पण ब्रीन यांच्या टेबलावरची पटकथा कॅथलिक नसलेल्यांसाठीही बदलत होती, आणि ते त्यांना कळतही नव्हतं.

एक उदाहरण जवळून पाहू, कारण त्याची गोष्ट हिंदुस्थानात घडते. 'ब्लॅक नार्सिसस' हा १९४७ चा ब्रिटिश सिनेमा, मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर यांचा. हिमालयाच्या उतारावर एका जुन्या राजवाड्यात काही जोगिणी शाळा आणि दवाखाना काढतात. उंची, वारा, एकटेपणा यांनी त्यांची मनं ढवळून निघतात. चित्रण मात्र सगळं इंग्लंडात, मुख्यतः स्टुडिओत उभारलेल्या डोंगरांत झालं, आणि ते इतकं देखणं की छायाचित्रणाचा ऑस्कर त्याला मिळाला.

लीजनने तो निषिद्ध ठरवला. जोगिणींच्या मनात वासना आणि मत्सर दाखवणं हा धर्मजीवनाचा अपमान, असा आक्षेप. गंमत अशी की सिनेमातल्या जोगिणी कॅथलिक नाहीत, अँग्लिकन आहेत. तोडगा कसा निघाला? मुख्य जोगीण, सिस्टर क्लोडा, तिला तारुण्यातलं आयर्लंड आठवतं, तिथला घोडा, तिथला मित्र, लग्नाची आशा. अमेरिकेत दाखवलेल्या प्रतीतून या आठवणी कापल्या गेल्या आणि मग निषेध मागे घेतला गेला. पण त्या आठवणी कापल्या की ही बाई जोगीण का झाली हेच प्रेक्षकाला उमगत नाही. आपल्या भागात शाळा-दवाखाने चालवणाऱ्या सिस्टर ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना हे लगेच पटेल. झग्याच्या आत माणूस असतो, आणि त्याने त्यांच्या कामाची किंमत कमी होत नाही, वाढते.

चुका आणखीही झाल्या. 'मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट' हा नाताळचा निरागस सिनेमा, आजही अमेरिकेत घरोघरी पाहिला जातो. लीजनने त्याला 'बी' दिला, कारण त्यातली आई घटस्फोटित होती. 'गॉन विथ द विंड'लाही 'बी'च मिळाला. निषिद्ध ठरवलेल्या सिनेमाची उत्सुकता वाढायची ती वेगळीच. १९५६ मध्ये 'बेबी डॉल' या सिनेमाविरुद्ध न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन थेट व्यासपीठावरून बोलले. त्यांनी तो पाहिलेला नव्हता. न पाहता केलेला निषेध हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट दोष आहे. तो कुठल्या एका धर्माचा नाही, आपल्या गावांतही तो रोज दिसतो.

दरम्यान रोमला ही पद्धत पसंत पडली होती. २९ जून १९३६ रोजी पोप अकरावे पायस यांनी 'विजिलांती कूरा' हे परिपत्रक काढलं. परिपत्रक म्हणजे पोपनी बिशपांना उद्देशून लिहिलेलं अधिकृत पत्र. त्यात लीजनचं कौतुक होतं आणि देशोदेशी सिनेमे तपासणारी कार्यालयं काढा, याद्या लोकांपर्यंत पोचवा, अशी सूचना होती. १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांचं 'मिरांदा प्रॉर्सुस' आलं, त्यात रेडिओ आणि टेलिव्हिजनही आले. सिनेमा ही देवाची देणगी मानायची आणि प्रेक्षकाला तो पाहायला शिकवायचं, हा सूर या दुसऱ्या पत्रात अधिक ठळक आहे.

मग ही इमारत ढासळली कशी? पहिला धक्का १९४८ चा. कंपन्यांनी थिएटरांची मालकी सोडावी, असा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला आणि शिक्क्याची पकड सैल झाली. दुसरा १९५२ चा. रोबेर्तो रोसेलिनी यांच्या 'द मिरॅकल' या छोट्या इटालियन सिनेमाचा परवाना न्यूयॉर्कमध्ये धर्मनिंदेच्या कारणावरून काढून घेतला होता. न्यायालयाने सांगितलं, सिनेमा हे अभिव्यक्तीचं माध्यम आहे आणि धर्मनिंदा या कारणावरून सरकार तो रोखू शकत नाही. त्याआधी, १९१५ पासून, सिनेमा तिथे निव्वळ धंदा मानला जात होता.

तिसरा बदल चर्चच्या आतून आला. १९६५ मध्ये लीजनचं नाव बदलून 'राष्ट्रीय कॅथलिक चित्रपट कार्यालय' असं सौम्य नाव आलं. तपासणाऱ्यांत सिनेमा जाणणारे लोक वाढले. १९६८ मध्ये जुनी नियमावली जाऊन वयानुसार वर्गवारी आली. चर्चचा भर मनाईकडून निवडीकडे सरकला. १९२८ साली स्थापन झालेली कॅथलिक चित्रपट संघटना महोत्सवांत परीक्षक पाठवून चांगल्या सिनेमांना पारितोषिकं देत होतीच. २००१ पासून ती 'सिग्निस' या नावाने काम करते. सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९९५ मध्ये, व्हॅटिकनने ४५ उत्तम चित्रपटांची यादी काढली. तीत अटेनबरो यांचा 'गांधी' आहे, आणि साम्यवादी, नास्तिक पासोलिनी यांनी केलेला ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमाही आहे.

ख्रिस्तचरित्राचा सिनेमा म्हटलं की मराठी माणसाला दादासाहेब फाळके आठवायलाच हवेत. मुंबईत 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' पाहताना त्यांच्या मनात राम-कृष्ण पडद्यावर उभे राहिले आणि त्यातून १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आला.

आता आपल्याकडचं दुसरं अंग, सरकारी प्रमाणपत्र. इंग्रजांनी १९१८ मध्ये कायदा केला आणि १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथे सेन्सॉर मंडळं बसवली. त्यांना धास्ती होती ती राजकारणाची: १९२१ मधल्या 'भक्त विदुर'वर काही प्रांतांत बंदी आली, कारण त्यातला विदुर गांधीटोपी-खादीत दिसत होता. आजचा कायदा १९५२ चा.

आजची पद्धत सोपी करून सांगतो. निर्माता 'ई-सिनेप्रमाण' या संकेतस्थळावर अर्ज करतो. तपासणी समिती सिनेमा पाहते; या समितीत बोर्डाचा अधिकारी आणि समाजातून नेमलेले सल्लागार असतात, आणि त्यांत स्त्रिया असणं बंधनकारक आहे. समिती प्रमाणपत्र सुचवते किंवा कापाकापी सांगते. निर्मात्याला पटलं नाही तर पुनर्तपासणी समिती. तेही नाही पटलं तर पूर्वी एक अपील न्यायाधिकरण होतं. ते २०२१ मध्ये रद्द झालं, आता थेट उच्च न्यायालय.

आधी तपासून मग प्रमाणपत्र देण्याच्या पद्धतीला सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात मान्यता दिली. निकाल सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांचा, जे पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. आधी तपासणी चालेल, पण कसोट्या स्पष्ट हव्यात आणि कलेला जागा ठेवायला हवी, असं त्यांनी बजावलं.

प्रमाणपत्राचे प्रकार: 'यू' सगळ्यांसाठी, 'ए' प्रौढांसाठी, 'एस' डॉक्टरांसारख्या विशिष्ट वर्गासाठी. मधला 'यूए' २०२३ च्या दुरुस्तीने तीन वयांत विभागला: ७+, १३+ आणि १६+. इथे पालकांचा गोंधळ होतो. 'ए'च्या सिनेमाला मुलाला दारावरच अडवतात. 'यूए १३+' ही मात्र पालकांना केलेली सूचना आहे, दहा वर्षांच्या मुलाला न्यायचं की नाही हे आईबापांनी ठरवायचं. मोबाइलवरच्या ओटीटी मालिकांना हे बोर्ड लागूच नाही. तिथे २०२१ च्या नियमांनुसार कंपनी स्वतःच वयाचा वर्ग लावते.

आता २००६. 'द दा विंची कोड' जगभर १९ मे रोजी लागायचा होता. येशूचा विवाह झाला होता आणि चर्चने ते दडवलं, अशी त्याची कल्पित कथा. मुंबईत कॅथलिक सेक्युलर फोरम या संघटनेने बंदीची मागणी लावून धरली, उपोषणं झाली. सिनेमा तेव्हा इथे कुणी पाहिलाच नव्हता. तत्कालीन माहिती व प्रसारण मंत्री प्रियरंजन दासमुन्शी यांनी कॅथलिक प्रतिनिधींसोबत तो पाहिला. शेवटी बोर्डाने एकही दृश्य न कापता 'ए' प्रमाणपत्र दिलं आणि हे सगळं काल्पनिक आहे अशी पाटी घालायला लावली. एका आठवड्याच्या उशिराने तो भारतात लागला.

इथपर्यंत दुसऱ्या गोष्टीचं, म्हणजे प्रमाणपत्राचं, काम झालं. मग तिसरी, म्हणजे सरकारी हुकूम, पुढे आली. गोवा, पंजाब, नागालँड, तामिळनाडू आणि आंध्र प्रदेश या राज्यांनी आपापल्या अधिकारात बंदी घातली. महाराष्ट्रात बंदी नव्हती.

याचा अर्थ आपल्या नकाशावर काढून पाहा. बल्लारशाहहून काझीपेठेकडे निघालेली गाडी वर्धा नदी ओलांडते, विरूर मागे टाकते आणि मग सिरपूर कागजनगर येतं, तेव्हाचा आंध्रातला आदिलाबाद जिल्हा. अलीकडे तोच सिनेमा कायदेशीर, पलीकडे बेकायदेशीर. दोन्हीकडचे कॅथलिक सात वर्षांपूर्वीपर्यंत एकाच बिशपच्या छत्राखाली होते. श्रद्धा तीच, प्रार्थना तीच. मग फरक कशाने पडला? हैदराबादच्या सरकारी आदेशाने. कॅथलिकांची भावना राज्याच्या सीमेवर बदलत नाही, बदलते ती सरकारची सोय.

बंद्या टिकल्या नाहीत. आंध्र आणि मद्रास या दोन्ही उच्च न्यायालयांनी त्याच वर्षी आपापल्या राज्यांतल्या बंद्या रद्द केल्या. आधार १९८९ च्या रंगराजन खटल्याचा होता: प्रमाणपत्र मिळालेला सिनेमा, लोक दंगा करतील या भीतीने सरकारने रोखू नये, दंगा रोखणं हेच सरकारचं काम आहे.

झाडीपट्टीतल्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, वाचकाला इथे एक प्रश्न पडेल: आमच्या नाटकांचं काय? दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाच्या मंडळ्यांची रात्रभराची नाटकं गावोगाव होतात. याच मातीतल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नाटकाला सिनेमाचं बोर्ड लागू नाही. त्यासाठी राज्याचं रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे, आणि ते प्रयोगाआधी संहिता, म्हणजे नाटकाची लिखित प्रत, वाचतं. तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'ला १९७२ मध्ये या पद्धतीचा फटका बसला आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात लढून जिंकले. तेंडुलकरांच्याच 'गिधाडे'त साडीवरचा लाल डाग आक्षेपार्ह ठरला, तेव्हा डागाच्या रंगाबद्दल प्रयोगाआधी सूचना देऊन खेळ केले गेले.

झाडीपट्टीत अडचण निराळी येते. मंडळ कागद वाचतं, आणि तक्रार होते ती कागदावर नसलेल्या गोष्टींची: मध्येच घुसवलेला नाच, ऐनवेळचं गाणं, पदरचे संवाद. मंजूर संहितेच्या बाहेर जे जाईल त्याला त्या प्रमाणपत्राचं संरक्षण नाही. गावातल्या आयोजकांनी मंडळीशी बोलणी करतानाच हे विचारून घ्यावं, कारण मंडपात पोलीस आल्यावर पहिला प्रश्न त्यांनाच येतो.

आपल्याला एखादा सिनेमा खरोखरच दुखावणारा वाटला तर काय करायचं? आधी तो पूर्ण पाहा. ट्रेलरवरून किंवा मोबाइलवर आलेल्या कापलेल्या तुकड्यावरून अर्ज लिहू नका. असे अर्ज टिकत नाहीत. कोणतं दृश्य, कोणता संवाद, साधारण कितव्या मिनिटाला, हे लिहून काढा. मग बोर्डाकडे लेखी तक्रार करा. मंत्र्यांना गाठून प्रमाणपत्र रद्द करून आणू, या भ्रमात राहू नका: बोर्डाचा निर्णय सरकारने फिरवायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली शंकरप्पा खटल्यात स्पष्ट केलं आहे. कायद्याचा मुद्दा असेल तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहे.

आणि पहिली गोष्ट, आपल्याच माणसांना सल्ला, ती कुणीही कधीही करू शकतं. धर्मगुरूने मिस्सेनंतर सांगावं, महिला मंडळाने सिनेमा पाहून फलकावर चार ओळी लिहाव्यात, शिक्षकांनी वर्गात त्यावर बोलावं, मौलवींनी किंवा भजनी मंडळाने आपापल्या लोकांना सुचवावं. त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. त्या चार ओळींत सिनेमा कुणी पाहिला, काय आवडलं, काय खटकलं आणि का, एवढं असलं तर वाचणाऱ्याला स्वतः ठरवता येतं.